शेवटचे चांगले केव्हा पाहिलेत?

दिवाळी अंकाचे पत्र आले की या सदरासाठी एखादा गोडाधोडाचा शब्द निवडावा, असा माझा शिरस्ता. 'फराळ' हा मूळचा फलाहार. उपासाच्या पानावरून उठून तो चकली-चिवड्याच्या ताटात कसा जाऊन बसला, असे काही लिहावे, वाचकांनी दोन-चार पत्रे पाठवावीत, आणि आपल्या हातून भाषेची थोडी सेवा झाली अशा समाधानात भाऊबीज गाठावी. यंदा मी घेतलेला शब्द गोड नाही. तो शब्द 'वारं'. झुळझुळणारे नव्हे, 'अमक्याच्या अंगावरून वारं गेलं' असे आपण आवाज खाली आणून म्हणतो, ते वारे. सणासुदीला हे अभद्र कशाला, असे आमच्या घरीही मला विचारण्यात आले. परंतु आमच्या घरातून ते गेले ती सकाळ नरकचतुर्दशीची होती, आणि तिच्याविषयी लिहायचे तर दिवाळी अंकाहून योग्य जागा मला दिसत नाही.

तारीख २९ ऑक्टोबर २०१६. दिवाळीला आम्ही सगळी भावंडे मूळ गावी दादाकडे जमतो. त्या वर्षी घरात लहानमोठी अकरा माणसे होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर. पहाटे बंब पेटवण्याचा मान त्यांचा. तो त्यांनी कोणाला दिला नाही आणि कोणी मागितलाही नाही. पाच वाजता आम्ही डोळे चोळत मागल्या अंगणात आलो तेव्हा बंब फुरफुरत होता आणि अण्णा तुळशीपाशी उभे होते.

आमच्याकडे स्नानाआधी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात. आता डावा पाय उचलायचा म्हणजे शरीराचा सगळा भार उजव्या पायावर येणार. अण्णांनी पाय उचलला आणि ते उजवीकडे कलंडले. दादाने सावरले. "थंडीनं पाय आखडले असतील," वहिनी म्हणाल्या. मग ते पाटावर बसले. आई तेल लावू लागली. त्यांचा उजवा हात मांडीवरून दोनदा घसरून खाली गेला. तेलाने घसरला, असे आम्हांला वाटले.

मग अण्णांना पाणी हवे होते. त्यांनी वहिनींकडे पाहिले आणि म्हणाले, "पंचांग दे. गरम पंचांग."

मुले फिदीफिदी हसली. आणि मी? मी मराठीचा प्राध्यापक. कोणाचा शब्द चुकला की माझे कान टवकारतात. 'तांब्या'च्या जागी 'पंचांग' कसे आले असेल, याचा मी क्षणभर खरोखरच विचार केला, आणि मग मोठ्याने म्हणालो, "अण्णा, पंचांगात पाऊस असतो, ऊन पाणी नसतं!" अंगण हसले. अण्णाही हसले. हसताना त्यांच्या ओठांची उजवी कड जागची हलली नाही. हे मी पाहिले. पाहिले असे आज म्हणतो. त्या वेळी ते डोळ्यांपुढून गेले, एवढेच.

स्नान कसेबसे उरकले. अण्णा फार बोलेनात. रात्री चिवडा जास्त झाला असावा, पित्त चढले असावे, असा घराचा निकाल पडला. लिंबाचे सरबत दिले. दुसऱ्याच घोटाला जोराचा ठसका लागला. तेव्हा, "पडू द्या त्यांना जरा, पहाटेपासून बंबाशी बसलेत," असे म्हणून आम्ही त्यांना माजघरात निजवले, वर पांघरूण घातले, मुलांना दंगा करू नका म्हणून बजावले आणि फराळाला बसलो. इतकी माया आम्ही त्यांच्यावर केली. अकरा वाजता आई उठवायला गेली तेव्हा ते डोळे उघडून तिच्याकडे पाहत होते, पण उजवे अंग लाकडासारखे होते आणि तोंडातून लाळ गळत होती.

तिथून पुढची धावपळ लिहीत नाही. डॉक्टर सणाला बाहेर, गाडी आहे तर चालवणारा नाही, तो आला तर रस्त्यात मिरवणूक. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. आमच्यापैकी एकालाही तो आकडा आठवला नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. तेथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी अण्णांचे डोळे पाहिले, हात उचलून सोडला, आणि आमच्याकडे वळून विचारले,

"यांना शेवटचे चांगले केव्हा पाहिलेत?"

प्रश्न मला आधी समजलाच नाही. त्यांनी तो फोडून सांगितला. त्रास केव्हा लक्षात आला ते नको. त्याआधी हे नेहमीसारखे बोलत-चालत आहेत असे नक्की कोणी आणि किती वाजता पाहिले, ते हवे. दादा म्हणाला, "रात्री जेवताना." वहिनी म्हणाल्या, "दहा वाजता औषध घेतलं तेव्हा." पुतण्या म्हणाला, "सकाळी आंघोळीला बरे होते की!" मी गप्प राहिलो, कारण सकाळी आंघोळीला ते बरे नव्हते, हे मला तोवर उमगले होते. अकरा माणसांच्या घरात एका माणसाचा शेवटचा चांगला क्षण कोणापाशी नव्हता. शेवटी आई पुढे आली. ती म्हणाली, "चार वाजता मला उठवलं ना त्यांनी. 'ऊठ, तेल कोमट कर, पोरं उठतील आता,' असं म्हणाले. चांगलं स्वच्छ म्हणाले."

बाईंनी कागदावर चार लिहिले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. साडेअकरा तास. आम्हांला रागावण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी अण्णांना आत घेतले आणि जे करता येण्यासारखे उरले होते ते केले.

काय करता येण्यासारखे होते आणि काय उरले, हे मला पुढे हळूहळू कळत गेले. माझा विषय वैद्यकाचा नाही. पण आपल्या हातून जे गेले त्याचा हिशेब माणूस कुठूनतरी मिळवतोच.

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांपैकी एखादी अचानक बंद पडते किंवा फुटते, त्याला हा झटका म्हणतात. जगभरचा अंदाज पाहिला तर शंभरांतल्या सुमारे ६५ झटक्यांत गुठळी अडकून वाहिनी तुंबलेली असते. बाकीच्यांत ती फुटून रक्तस्राव झालेला असतो. बाहेरून दोघांचे सोंग सारखेच. वाहिनी तुंबली की तिच्यापुढचा मेंदूचा भाग उपाशी पडतो. त्याचे काय होते याचा आकडा २००६ साली जेफ्री सेव्हर या अमेरिकन मेंदूतज्ज्ञाने मांडला. मोठी वाहिनी बंद पडून उपचार झाला नाही तर सर्वसाधारणपणे दर मिनिटाला १९ लाख मज्जापेशी मरतात. आम्ही फराळाला बसलो होतो ती वीस मिनिटे मी या आकड्याने गुणून पाहिली आहेत. तसे गुणू नये. पण शिक्षकाचा मुलगा, सवय जात नाही.

आता यात वारे कुठे आले? आपल्या वैद्यकाने या रोगाला वातव्याधींत घातले. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्यांचा वेगळा अध्याय आहे. त्यातूनच 'अर्धांगवायू' आला. घरातल्या बोलीत वायूचे वारे झाले. 'लकवा' हा अरबीतून आलेला, मुळात वाकड्या झालेल्या तोंडापुरता. 'पक्षाघात'मध्ये निदान आघात तरी आहे. काहीतरी आत्ता, या क्षणी घडते आहे असे तो शब्द सांगतो. पण तो छापील शब्द, तो माजघरात येत नाही. माजघरात 'वारं गेलं' येते. त्यातले क्रियापद पाहा. 'गेलं.' सरळ भूतकाळ. वारा आला, अंगावरून गेला, संपला. गेलेल्या वाऱ्यामागे कोण धावतो? छातीत कळ येऊ दे, 'ॲटॅक' हा परका शब्द उच्चारताच सगळी आळी गाडी शोधू लागते. इथे मात्र पांघरूण घालतात. एक कारण असेही आहे की मेंदूचा हा झटका बहुतेकदा दुखत नाही. माणूस ओरडत नाही, तेव्हा घरही ओरडत नाही.

याचा सगळा दोष मी जुन्या माणसांच्या माथी मारणार नाही. योहान वेपफर या स्विस वैद्याने १६५८ साली अशा रुग्णांची मृत्यूनंतर चिकित्सा करून मेंदूतला रक्तस्राव दाखवून दिला, तरी त्यानंतर तीनशे वर्षे जिवंत माणसाच्या कवटीत गुठळी आहे की स्राव हे सांगायची सोय नव्हती. ती १ ऑक्टोबर १९७१ रोजी झाली. हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने बनविलेल्या यंत्रातून लंडनजवळच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन निघाले. आणि गुठळी दिसली तरी ती विरघळवता येते, हे सिद्ध व्हायला १९९५ उजाडले. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचा निकाल छापून आला. झटक्यापासून ३ तासांच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले, तर तीन महिन्यांनी माणूस जवळजवळ धडधाकट असण्याची शक्यता निदान ३० टक्क्यांनी वाढते. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने ही मुदत साडेचार तासांवर नेली. २०१५ पासून मोठ्या वाहिनीतली गुठळी मांडीतून बारीक नळी नेऊन ओढून काढता येते, हेही पक्के झाले. त्याला सहा तासांची, आणि २०१८ पासून काही निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतची सवड आहे. अर्थात ती सोय मोठ्या शहरांतच.

म्हणजे १९९५ पूर्वी 'वारं गेलं' म्हणून कपाळाला हात लावणारा माणूस अडाणी नव्हता. त्याच्यापाशी दुसरे काही नव्हतेच. उपाय बदलला, शब्द मात्र तिथेच राहिला. आणि २०१६ साली एक एम. ए. झालेला माणूस अंगणात उभा राहून पंचांगावर विनोद करीत होता.

चार वाजल्यापासून साडेचार तास म्हणजे साडेआठ. आमच्या गावाहून जिल्ह्याचे ठिकाण बावन्न किलोमीटर, रस्ता कितीही वाईट धरला तरी दीड तास. मी हसलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटे झाली असतील. साडेपाचला निघालो असतो तर सातला पोचतो. दीड तास हाताशी राहतो. काळ, काम आणि वेगाची असली उदाहरणे अण्णांनी आयुष्यभर पोरांना फळ्यावर घातली.

ओळखायचे कसे, ते आता सांगतो, आणि इथे मला मास्तरकी करू द्या. इंग्लंडात १९९८ साली न्यूकॅसलच्या मंडळींनी रुग्णवाहिकेवरच्या माणसांसाठी एक सोपी खूण बसवली, ती 'फास्ट' या नावाने जगभर गेली. तोंड, हात, वाणी आणि वेळ या चारांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा तो शब्द, आणि त्याचा अर्थही 'झटपट'. मराठीत तसे काही जुळवावे म्हणून मी फार खटपट केली. 'तोहावावे' हाती आले. वर्गात सांगितले तर मुलांनी ते विध्यर्थी क्रियापद ठरवले. तेव्हा शब्द राहू द्या. खुणा लक्षात ठेवा.

माणसाला हसायला सांगा, दात दाखवायला सांगा. ओठांची एक कड मागे राहते का? डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा; दहा मोजेपर्यंत एक हात आपोआप खाली येतो का? एक साधे वाक्य म्हणायला लावा. जीभ जड येते का, शब्द भलतेच येतात का, किंवा तुमचे बोलणेच त्याला समजेनासे झाले आहे का? यांतले एक जरी अचानक झाले असेल तरी ते पुरे. तिन्हींची वाट पाहायची नाही. पुढे यात आणखी दोन गोष्टी घातल्या गेल्या : अचानक तोल जाणे आणि अचानक दृष्टी जाणे किंवा एकाचे दोन दिसणे. आयुष्यात कधी दुखले नाही असे डोके एकाएकी फुटू लागणे, हेही स्रावाचे लक्षण असू शकते. या सगळ्यांत माझा जोर 'अचानक' या क्रियाविशेषणावर आहे. अण्णांनी तोंड, हात, वाणी आणि वर तोलसुद्धा, अशा चारही खुणा दहा मिनिटांच्या आत आमच्यापुढे मांडल्या होत्या. याहून स्पष्ट कोणता विद्यार्थी उत्तरपत्रिका लिहितो?

आमच्याच घराला दिसले नाही असे मात्र नाही. २३ जून १९५३ रोजी इटलीच्या पंतप्रधानांना दिलेल्या मेजवानीनंतर विन्स्टन चर्चिलना हाच झटका आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मंत्रिमंडळाची बैठक चालवली, आणि टेबलाभोवतीच्या बहुतेक शहाण्यांना वावगे असे फारसे काही दिसले नाही. पंतप्रधान आज जरा गप्प आहेत, एवढेच. माणूस ओळखीचा असला की आपण त्याच्याकडे पाहत नाही, त्याला गृहीत धरतो.

ओळखले की लगेच १०८ला फोन, आणि घड्याळात पाहून वेळ कागदावर. झोपेतून उठताना लक्षात आले, तर झोपण्यापूर्वी चांगले पाहिल्याची वेळ धरतात, आणि सुमारे पाचांतल्या एका रुग्णाचे असेच होते. पण म्हणून आता काय उपयोग असे स्वतःच ठरवू नका, ते ठरवायला तिकडे माणसे आणि यंत्रे आहेत. जवळच्या दवाखान्यात नव्हे, तर जिथे सीटी स्कॅन आहे आणि हे इंजेक्शन देतात तिथे न्यायचे. आपल्यापासून असे ठिकाण कोणते, हे आजच, अंक हातात आहे तोवर, विचारून ठेवा. चालू औषधांच्या पुड्या बरोबर घ्या. तोंडातून काहीही द्यायचे नाही. पाणी नाही, सरबत नाही, साखर नाही. गिळण्याचे स्नायूच झोपलेले असतात, घोट फुप्फुसात जातो. आमचा तो लिंबाचा ठसका मला अजून ऐकू येतो. ॲस्पिरिनची गोळी ठेवायची नाही, कारण आत स्राव असेल तर ती वैरीण. रक्तदाब वाढलेला दिसला तरी घरच्या घरी गोळी देऊन उतरवायचा नाही. शुद्ध नसेल तर एका कुशीवर निजवायचे, म्हणजे लाळ बाहेर येते. बोटांच्या टोकांना सुई टोचून रक्त काढले की रोगी उठून बसतो, असा एक संदेश व्हॉट्सॲपवर दरवर्षी माझ्याकडे येतो, तोही चांगल्या शिकलेल्या मंडळींकडून. त्याला काही आधार नाही. पारव्याच्या रक्ताने चोळा असे सांगणारे आम्हांलाही भेटले. सुई काय आणि पारवा काय, दोघेही मुख्यतः वेळ खातात.

एक फसवा प्रकार राहिला. हात लुळा पडतो, बोबडी वळते, आणि दहा-पंधरा मिनिटांत सारे पूर्ववत होते. घर देवाला साखर ठेवते. पण ती चाहूल असते; पुढच्या दोन दिवसांत खरा झटका येण्याची भीती सर्वांत जास्त. तेव्हाही त्याच गाडीने त्याच ठिकाणी जायचे. बाकी रक्तदाब मोजणे, गोळी मनानेच न सोडणे, तंबाखू आणि मिश्री सोडणे, हे तुम्हांला ठाऊक आहे. अण्णांनाही ठाऊक होते; आदल्या महिन्यात 'आता बरं वाटतंय' म्हणून त्यांनी एक गोळी कमी केली होती. त्यासाठी एकटा रक्तदाबच निम्मा दोषी धरला जातो, एवढे सांगून पुढे जातो.

अण्णा त्यानंतर चार वर्षे जगले. काठी घेऊन चालू लागले. समजत त्यांना सगळे होते. वर्तमानपत्र समोर धरीत, बातमी ऐकून मान हलवीत. बोलता मात्र येईना. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यवैद्याने एक रुग्ण पाहिला होता. त्याच्या तोंडून 'तां' एवढाच उच्चार निघे. तेच त्याचे नाव पडले होते. तो वारल्यावर ब्रोकाने मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूचा पुढचा भाग बिघडलेला सापडला, आणि वाणी मेंदूत कुठे राहते याचा पहिला भक्कम पुरावा मिळाला. भाषाशास्त्राच्या तासाला ही गोष्ट मी पंधरा वर्षे मोठ्या रंगात सांगत आलो होतो. त्यानंतर मला ती रंगवता आली नाही.

अण्णांना उरलेला शब्द होता 'बरोबर'. चाळीस वर्षे गणिताच्या वह्या तपासून मुरलेला. पाणी हवे का? बरोबर. उकडतेय का? बरोबर. आश्चर्य म्हणजे पुतण्याच्या लहानग्याने 'बे एके बे' सुरू केले की अण्णा 'बे दाहे वीस' पर्यंत खणखणीत जात. पाठ असलेले मेंदू वेगळ्या कप्प्यात ठेवतो म्हणतात. पाढा संपला की पुन्हा तेच. एकदा दुपारी आम्ही दोघेच ओटीवर होतो. मी म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी मी हसलो होतो." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि ते म्हणाले, "बरोबर."

पुढची गोष्ट २०२३ सालच्या फेब्रुवारीतली, आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममधली. आमचे गणिताचे एक प्राध्यापक, वय बावन्न, मधल्या सुटीआधीचा चहा घेत होते. चहा आणणारे शिपाईमामा एकदम म्हणाले, "सर, कप वाकडा झालाय." चहा डाव्या मांडीवर सांडत होता आणि त्यांना पत्ता नव्हता. त्यांचा डावा हात जणू शेजारच्या माणसाचा असावा तसा पडला होता.

मी उठलो. माझे पाय कापत होते, हे कबूल करतो. "जरा हसा बघू," मी म्हणालो. "का? तुम्ही काही विनोद केलात?" ते म्हणाले, आणि हसले. डावी कड तशीच. हात वर करायला सांगितले. उजवा वर गेला. "दोन्ही करा." "दोन्ही केलेत की!" ते चिडून म्हणाले. खोटे बोलत नव्हते. मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसला की कित्येकदा माणसाला स्वतःचा डावा भागच जाणवत नाही, आणि काही झाले आहे हेही जाणवत नाही; म्हणून रोग्याच्या 'मला काही झालेलं नाही' वर कधी जाऊ नये. "अकरा चाळीसला माझा तास आहे," असे म्हणत ते उठायला लागले. शिपाईमामांनी त्यांना खांदे धरून बसवले. मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिले आणि हजेरीपटाच्या कोपऱ्यावर लिहिले : ११-२०. दहा मिनिटांपूर्वी ते दाराशी माझ्याशी पगाराच्या फरकाविषयी तावातावाने बोलले होते, तेही लिहिले.

१०८ आली. गाडीतून रुग्णालयाला आधीच फोन गेला. बारा पंचवीसला पोचलो, तिथे स्ट्रेचर दारात होते. त्यांच्या पत्नी मागाहून रिक्षाने आल्या. डॉक्टरांनी स्कॅन पाहून त्यांना सांगितले, स्राव नाही, गुठळी आहे. इंजेक्शन देता येईल, पण त्यानेच मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका शंभरांत सुमारे सहा असतो. वहिनींनी माझ्याकडे पाहिले. अशा वेळी दुसऱ्याने काय सांगावे? मी अण्णांविषयी काहीही बोललो नाही. त्यांनी सही केली. बारा पंचावन्नला औषध सुरू झाले. थोडे एकदम, आणि उरलेले तासभर नळीतून थेंब थेंब. दोन वाजता त्यांनी डाव्या हाताची बोटे हलवली. हे प्रत्येकाचे असे होत नाही. त्या वॉर्डात त्याच दिवशी वेळेत आलेल्या दुसऱ्या एका गृहस्थांना ते मानवले नाही, हेही मी पाहिले.

तीन महिन्यांनी ते कामावर रुजू झाले. डावा पाय किंचित ओढतात, आणि शर्टाची डाव्या हाताची गुंडी शिपाईमामांकडून लावून घेतात. आभार वगैरे मानणारा हा गृहस्थ नव्हे. हजेरीपटावरचा तो कोपरा मात्र त्यांनी मागून घेतला आणि चष्मा वर करून नीट पाहिला.

"हे चुकलंय," ते म्हणाले. "आपल्या स्टाफरूमचं घड्याळ पाच मिनिटं पुढं आहे. तेव्हा अकरा वीस नव्हे, अकरा पंधराच झाले होते."

हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही.